लग्नाची मोटार आणि परतीची वाट

तुळशीचे लग्न लागले की खेडोपाडी मुहूर्तांची चर्चा सुरू होते. ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ आणि ईस्टर या सणांनंतरचे दिवस विवाहासाठी पाहिले जातात. मांडव, आचारी, वाजंत्री यांच्याबरोबरच यजमानासमोर एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे मोटारींचा. शहरात हा प्रश्न सोपा असतो. एक गाडी आली नाही, तर दुसरी हाकेच्या अंतरावर मिळते. खेड्यात मात्र ठरविलेली गाडी न आल्यास मुहूर्त टळतो, अथवा धर्मगुरू वेदीपाशी वाट पाहत राहतात.

एके काळी वऱ्हाड बैलगाड्यांतून जात असे. वधूवरांसाठी दमणी सजविली जाई. ते बैल किती चालतील, कोठे सोडावयाचे, पाणी कोठे दाखवावयाचे, याचा विचार निघण्यापूर्वीच झालेला असे. मोटार आली आणि हा विचार मागे पडला. यंत्र दमत नाही, अशी लोकांची समजूत झाली. यंत्र दमत नसेलही. परंतु ते चालविणारा माणूस दमतो. लग्नाच्या मोटारीसंबंधी जे काही सांगावयाचे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. बहुतेक घरी गाडी ठरविताना मनापुढे जाण्याचे दृश्य असते. फुलांनी मढलेली मोटार, दारात थांबलेली करवली, वाजणारा बँड यांचेच चित्र रंगविले जाते. खरी कसोटी लागते ती परतीच्या वाटेवर.

एक उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ व जंगलाचा आहे. जांबोटी, कणकुंबी या बाजूची कित्येक घराणी सोयरिकीने गोव्याशी बांधलेली आहेत. जांबोटीहून चोर्ला घाटाने साखळीस उतरता येते. खानापुराहून अनमोड घाटाने मोलेस जाता येते. समजा, कणकुंबीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न साखळीजवळच्या कार्यालयात ठरले आहे. वऱ्हाड शंभर माणसांचे आहे. त्याने आरंभ कोठून करावा?

आरंभ करावा तो शेवटापासून. रात्रीच्या जेवणानंतर शेवटचा माणूस आपल्या अंगणात किती वाजता उतरेल, हा आकडा प्रथम कागदावर लिहावा. मग मागे मागे येत जावे. घाट चढावयास लागणारा वेळ, पंगतीचा वेळ, विधीचा वेळ, आणि सर्वांत शेवटी सकाळी निघण्याची वेळ. असे केले म्हणजे ध्यानात येते की पहाटे पाचला निघालेला चालक मध्यरात्री घाट चढत असणार. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने चालकाच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरविला होता आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. लग्नघरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि तिची आठवणही कोणास होत नाही.

त्यावर उपाय तीन. पहिला, दिवसा लग्न आणि उजेडातच परत. दुसरा, लांबच्या गाडीसाठी दोन चालक. तिसरा, चालकांसाठी कार्यालयात एक खोली, सतरंजी आणि वेळेवर जेवण. तिसऱ्या उपायास खर्च जवळजवळ नाही, तरीही तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. पाहुण्यांच्या सर्व पंगती उठल्यावर चालकास पान वाढावयाचे, ही रीत मोडली पाहिजे. तो पहिल्या पंगतीस जेवला, तर दुपारी दोन तास झोपू शकेल. त्याच्या हाती मद्याचा पेला कोणी आग्रहाने देणार नाही, हे पाहण्याचे काम घरातील एका जबाबदार माणसाकडे सोपवावे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा आहे. आणि घाटातील वळण तर तेवढीही सवलत देत नाही.

आता गाड्यांची निवड. वऱ्हाडाचे तीन भाग पाडावेत. वधू आणि तिच्याबरोबरची चार माणसे हा पहिला. वृद्ध, आजारी व लेकुरवाळ्या स्त्रिया हा दुसरा. उरलेली मंडळी हा तिसरा. सर्वांत चांगली गाडी पहिल्या भागास देण्याची रूढी आहे. विचारान्ती ती दुसऱ्या भागास द्यावी असे दिसते. नव्या नवरीस उंच पायरीची जीप चालून जाते. गुडघे धरलेल्या आजीस चालत नाही. शिवाय खेड्यातील वाट निराळी असते. बुटकी, लांब मोटार छायाचित्रात शोभून दिसते. पण गावच्या ओढ्यावर तिचा तळ घासतो आणि गल्लीच्या वळणावर ती अडकते. म्हणून ठरविण्यापूर्वी गाडीवाल्यास एकदा गावात आणून वाट दाखवावी, अथवा निदान अंगणापर्यंतच्या वाटेचे वर्णन स्पष्ट करावे.

तिसऱ्या भागासाठी बस सोयीची. महाराष्ट्रात एस.टी. प्रासंगिक करारावर मिळते. कर्नाटकात वायव्य परिवहन मंडळाची आणि गोव्यात कदंबची बसही अशाच रीतीने ठरविता येते. मात्र त्या दिवसांत घाटातून मोठ्या वाहनांस मुभा आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

बस महाग पडते म्हणून मालाचा टेंपो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली काढण्याचा मोह होतो. येथे यजमानाने क्षणभर थांबावे. मालवाहू गाडीत माणसे नेणे बेकायदा आहेच. पण दुःखाची गोष्ट पुढेच आहे. अशा गाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणजे अपघात झाल्यास ज्या घरचा कर्ता गेला, त्या घराने भरपाईसाठी गाडीच्या मालकाकडे पाहावयाचे. आणि तो मालक बहुधा आपल्यासारखाच कर्जात बुडालेला शेतकरी असतो. वाचविलेल्या भाड्याची ही किंमत आहे.

तोच प्रकार शेजाऱ्याच्या खासगी मोटारीचा. शेजारी प्रेमाने गाडी देत असेल, तर ती देवाची कृपा समजावी. परंतु आतून पैसे ठरवून बाहेरून प्रेम दाखविले, तर ती भाड्याची गाडी झाली. तिला परवाना नसतो आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापरास लागू पडत नाही. ओळख सोपी आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे ती खासगी; पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ती भाड्याची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी भाडेकऱ्याने स्वतः चालविण्यासाठी असते. गोव्यात अशा गाड्या पुष्कळ दिसतात. राज्याची सीमा ओलांडावयाची असल्यास त्या गाडीस अखिल भारतीय पर्यटक परवाना किंवा त्या फेरीपुरता विशेष परवाना आहे काय, हे पाहावे. नाही तर नाक्यावर वऱ्हाड उभे राहते आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.

आता पैशाची गोष्ट. खेड्यातील माणूस अंतर मोजतो ते आपल्या दारापासून. गाडीवाला मोजतो ते आपल्या गॅरेजपासून. गाडी बेळगावची, गाव तेथून ४० किलोमीटर आणि कार्यालय गावापासून ३५ किलोमीटर, असे धरू. यजमानाच्या हिशेबाने जाऊन येऊन ७० किलोमीटर होतात. गाडीवाल्याच्या हिशेबाने ते १५० होतात. त्यावर दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे भाडे लावण्याची पद्धत कित्येक ठिकाणी आहे. म्हणजे ७० किलोमीटरच्या प्रवासासाठी २५० चे पैसे मोजावे लागतात. अशा वेळी जवळच्या बाजारगावची गाडी दिसावयास थोडी साधी असली, तरी तीच शहाणपणाची. आणखी एक कलम कानांआड होते. पुष्कळ गाडीवाल्यांचा दिवस रात्री बारास संपतो. साडेबाराला पोचलेले वऱ्हाड दोन दिवसांचे भाडे देते.

म्हणून तोंडी शब्दावर न राहता एका कागदावर सहा गोष्टी लिहून घ्याव्यात: गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, किलोमीटरचा दर व किमान अंतर, दिवस केव्हा संपतो, चालकाचा भत्ता, आणि टोल व परवान्याचा खर्च कोणाचा. बिघाड झाल्यास दुसरी गाडी किती वेळात येईल, हे त्याखाली लिहावे. विसार पावती घेऊनच द्यावा. घाटात मोबाइल लागत नाही, तेव्हा सर्व चालकांची नावे, थांबण्याची ठिकाणे आणि निघण्याच्या वेळा प्रत्येक गाडीत कागदावर असाव्यात. कोणतीही गाडी दुसऱ्या गाडीचा पाठलाग करणार नाही. घाट संपताच ठरल्या जागी सर्वांनी एकत्र यावयाचे, एवढे पुरे.

सजावटीविषयी थोडेसेच. झेंडूच्या माळा समोरच्या काचेवर आल्या की चालकास रस्ता दिसत नाही. दिवे, आरसे आणि क्रमांकाची पाटी मोकळी राहील अशीच फुले बांधावीत, आणि घाटास लागण्यापूर्वी समोरची फुले काढून टाकावीत. वरातीत सुरू असलेल्या मोटारीच्या अगदी पुढे नाचू नये. चुकून पाय दुसऱ्या पट्टीवर पडला, तर मधे काहीच उरत नाही. गाडी आणि नाचणारे यांच्यामध्ये दोन शुद्धीवरची माणसे चालत असावीत.

हे सारे वाचताना वाटेल की यात आनंद कोठे राहिला? पण पूर्वीचा गाडीवान बैलांची काळजी घेई, म्हणून त्याच्या लग्नाचा आनंद उणा झाला नव्हता. मुलीस निरोप देऊन आई रित्या घरी येते, तेव्हा तिचे मन जड असते. ती अंगणात उतरते, मागच्या गाड्यांचे दिवे एकेक करून वळणावर दिसू लागतात, ती ते मोजते, आणि शेवटचा दिवा अंगणात येऊन विझला म्हणजेच तिच्या घरचे लग्न पार पडते.