रडलं तर गाडी थांबवा, पट्टा सोडू नका



आपल्या गटातल्या किती जणींची मुलं आता परदेशात आहेत, मोजून बघा. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक अमेरिकेत, कुणाची ऑस्ट्रेलियात. बाळंतपणाला म्हणून, नातवंड सांभाळायला म्हणून आपणही तिकडं जाऊन येतो. गेलं की मुलं म्हणतात, "आई, एवढी लांब आलीस, चल तुला समुद्र दाखवतो." गाडी निघते. मागच्या सीटवर आपण आणि शेजारी दीड-दोन वर्षांचं नातवंड. आज त्या प्रवासाबद्दल बोलू. मी लेकीकडं मेलबर्नला गेले होते, तेव्हा आम्ही ग्रेट ओशन रोडनं तीन दिवस फिरलो. नात दोन वर्षांची होती. तोच रस्ता धरून सांगते.

मेलबर्न ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची राजधानी. तिथून साधारण १०० किलोमीटरवर टॉर्की नावाचं गाव आहे. तिथं हा रस्ता सुरू होतो आणि समुद्राच्या कडेकडेनं सुमारे २४० किलोमीटर जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली निळं पाणी. आपल्यासारखंच तिथंही रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतात. त्यामुळं टॉर्कीकडून निघालं की समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि बघायला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. कडेवर मूल असलं की ही सोय फार मोठी वाटते.

हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधला. १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं, सुमारे ३,००० माणसं, टिकाव आणि फावडं. लढाईत मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून तो केला. ते ऐकताना मला १९७२ च्या दुष्काळातल्या आपल्या आया-सासवा आठवल्या. झाडाला झोळी बांधून त्यात लेकरू निजवायचं आणि दिवसभर खडी फोडायची. आपण ज्या रस्त्यानं मजेत जातो, तो कुणाच्या तरी हाताला घट्टे पडून झालेला असतो.

आता मुद्द्याचं. तिथं लहान मुलाला मांडीवर घेऊन बसता येत नाही. व्हिक्टोरियाचा कायदा असा आहे : सहा महिन्यांच्या आतलं बाळ मागं तोंड करून बेबी सीटमध्ये. सहा महिने ते चार वर्षांचं मूल मागं किंवा पुढं तोंड करून, पण बेबी सीटच्याच पट्ट्यांत बांधलेलं. गाडीला मागची सीट असेल तर चार वर्षांच्या आतल्या मुलाला पुढं बसवायचं नाही. बेबी सीटही तिथल्या सरकारी प्रमाणाची लागते, इथून नेलेली चालत नाही. भाड्याची गाडी घेतली तर सीट भाड्यानं मिळते. मात्र गाडी ठरवतानाच तसं सांगून ठेवायचं.

आपल्याला वाटतं, आजीच्या मांडीसारखी सुरक्षित जागा कुठली? माया म्हणून ते खरंच आहे. पण गाडीचं गणित वेगळं असतं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी कशाला तरी धडकून जागेवर थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा मार साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणी १२ किलोचं लेकरू दोन क्विंटलहून जास्त जोरानं पुढं ओढलं जातं. दोन क्विंटल म्हणजे पन्नास किलोची चार पोती. तुमच्या-माझ्या हातांत कितीही बळ असू द्या, ती चार पोती झेलता येणार आहेत का? आई-लेकरानं मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट. आईचं सगळं वजन लेकरावर येतं.

आणि लेकरू रडतं. ते रडणारच. लॉर्न नावाच्या गावापासून अपोलो बेपर्यंत रस्ता वळणावळणाचा आहे. त्या वळणांत नातीनं जे भोकाड पसरलं, ते थांबेना. अंग ताणून पट्ट्यातून सुटू बघत होती, "आजी, घे" म्हणत होती. माझे हात आपोआप पुढं गेले. लेक पुढूनच म्हणाली, "आई, पट्टा काढू नकोस हं. जागा आली की थांबतोच आपण." जावईबापूंनी दोन वळणांनंतर रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. गाडी थांबली, मग नातीला सोडलं, कडेवर घेतलं, पाणी पाजलं. पाच मिनिटांत हुंदके थांबले.

सबंध प्रवासाचा नियम एवढाच. रडलं तर गाडी थांबवायची, पण चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही. त्या रस्त्यावर सावकाश जाणाऱ्या गाडीनं बाजूला व्हावं म्हणून ठिकठिकाणी जागा ठेवल्या आहेत. तिथं थांबायचं, मागच्यांना पुढं जाऊ द्यायचं. घाई कुणाला आहे?

हा नियम पाळायचा तर थांबायला वेळ हाताशी हवा. मोठी माणसं हा रस्ता एका दिवसात करून येतात. दोन वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. आम्ही तीन दिवस काढले. एका दिवसात जायचं ते थोडंच, आणि तासाभरानं थांबा ठरलेला. वळणांचा तुकडा जमेल तेवढा तिच्या झोपेच्या वेळेत घ्यायचा. निघायच्या आधी पोट भरून दूध पाजायचं नाही. केळं, मऊ भात, पोळीचा तुकडा असं हलकं द्यायचं. वळणावर हातात मोबाइल द्यायचा नाही, त्यानं जास्त मळमळतं. काच थोडी खाली, नजर बाहेर. तरी उलटी झालीच तर कपड्यांचा एक जोड, ओलं फडकं आणि दोन पिशव्या आपल्या पायाशी ठेवायच्या, डिकीत नाही. उलटीचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

मुलाचं बघणं आपल्यापेक्षा वेगळं असतं, हेही लक्षात ठेवा. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला नावाचा प्राणी दिसतो. दिवसातले अठरा-वीस तास तो झोपून असतो. आपल्याला हेवाच वाटावा! नात त्याच्याकडं मान वर करून टक लावून बघत राहिली. पुढं पोर्ट कॅम्पबेलजवळ समुद्रात चुनखडीचे प्रचंड सुळके उभे आहेत, काही तर सुमारे ४५ मीटर उंच. त्यांना ट्वेल्व्ह अपॉसल्स म्हणतात, म्हणजे येशूचे बारा शिष्य. नाव बाराचं, पण सुळके बारा कधीच नव्हते. त्यातला एक २००५ साली कोसळला. लाटा कडा पोखरतात, आधी गुहा होते, मग कमान, कमान पडली की सुळका उरतो, आणि एक दिवस तोही पडतो. जगभरची माणसं ते बघायला येतात. आमची नात मात्र वाटेवरचे खडे गोळा करत होती. करू दिले. तिची सहल तीच होती.

पण तिथं हात सोडायचा नाही. कडे ठिसूळ आहेत. जवळच लंडन ब्रिज नावाची खडकाची जोडकमान होती. १९९० साली तिचा किनाऱ्याकडचा भाग कोसळला आणि दोन माणसं पलीकडं अडकली. त्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. म्हणून कठड्याच्या आतच राहायचं. समुद्रात उतरायचं तर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच. वारा गार लागतो, पण ऊन कडक असतं, म्हणून मुलाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचं अंगडं. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा उजेडातच मुक्काम गाठायचा. आणि "दोन मिनिटांत येते" म्हणून मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही. बंद गाडी झपाट्यानं तापते. मुलाला असं सोडून जाणं हा तिथं गुन्हा आहे.

जाताना बॅगेत लाडू, तूप, मेतकूट भरणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचं सगळं खरं लिहा. काय न्यायचं, काय टाकायचं ते तिथले अधिकारी ठरवतात. लपवलं तर मोठा दंड बसतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं ऑस्ट्रेलियाला जायचंय? नसेल जायचं. पण बाजाराला, माहेरला, देवाला तर जाताच ना? आपल्याकडंही कायदा आहे. चारचाकीत १४ वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा बेबी सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. मोटारसायकलवर चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० च्या वर नको. २०२२ साली तसे नियम झाले आहेत.

वडापच्या जीपमध्ये बेबी सीट कुठून येणार, हे मलाही कळतं. पण लेकरू घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. मोटारसायकलच्या टाकीवर मूल बसवू द्यायचं नाही, हेही आहे. "सावकाश चालवा, लेकरू आहे" असं मोठ्यानं म्हणणं तर नक्कीच आहे. आणि सून म्हणाली, "आई, तिला पट्ट्यातच राहू द्या," तर तिला निर्दयी म्हणू नका. रडणारं लेकरू गाडी थांबवून उगी करता येतं.

बायांनो, पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. येते मी. नमस्कार.