पैशाचं मुलांना वर्गात विचारू नका

सहल, स्नेहसंमेलन, दहावीचा निरोप समारंभ. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या हायस्कुलांमधले आनंदाचे महिने. आणि याच महिन्यांत वर्गावर्गातून एक वाक्य ऐकू येतं, "कुणाकुणाचे पैसे यायचे राहिलेत? उभे राहा." मला आज त्याविषयी बोलायचं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. पैशाचं मुलांना वर्गात विचारू नका. पालकांना विचारा, त्यांच्याशी एकांतात बोला, चिठ्ठी पाठवा, फोन करा. मुलाला मात्र उभं करू नका.

तालुक्याच्या गावातलं अनुदानित हायस्कूल डोळ्यांपुढं आणा. एका बाकावर द्राक्षबागायतदाराचा मुलगा आणि बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा. पलीकडं बँकेतल्या साहेबांची मुलगी आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी. फी कुणालाच नाही, मग फरक कसला, असं संस्थेतली मंडळी विचारतात. फरक फीच्या बाहेर आहे. गॅदरिंगच्या नाचाचा ड्रेस भाड्यानं आणायचा, प्रकल्पाची पानं रंगीत छापून आणायची, निरोप समारंभाला साडी, शाळेला भेटवस्तू, वर्गाचा फोटो. प्रत्येक रक्कम तशी थोडीच. पण ज्या घरात रोजावर चूल पेटते, तिथं अशा दोन रकमा एका आठवड्यात आल्या की आठवड्याचा बाजार राहतो.

मुलं हे घरी सांगत नाहीत आणि शाळेतही सांगत नाहीत. नववीतली मुलगी सहलीचा फॉर्म परत देताना म्हणते, "बाई, मला गाडी लागते." हीच मुलगी मे महिन्यात वडापच्या जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून घाट ओलांडून मामाच्या गावाला जाते, तेव्हा तिला गाडी लागत नाही. चौदा वर्षांची पोर आईबापाची अब्रू राखायला खोटं बोलते. एवढं शहाणपण तिच्यावर त्या वयात का लादायचं?

एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देतं. तरी पालकांच्या बैठकीत दोघंतिघं म्हणतात, "एसटी नको, लक्झरी करा, वरचा फरक आम्ही देतो." हेतू चांगला असतो, मला मान्य आहे. पण तो "आम्ही" सगळ्या वर्गाचा नसतो. रक्कम ठरते आणि सगळ्यांनाच लागू होते.

शाळा ही मला पंगतीसारखी वाटते. पंगतीत बसलेल्यानं आहेर किती केला, हे पाहून वाढपी तुपाची धार कमीजास्त करत नाही. ज्याचा आहेर आला नाही, त्याचं नाव मांडवात कुणी पुकारत नाही. आग्रह सगळ्यांना सारखा, आणि शेवटच्या पाटापर्यंत जिलबी पुरेल की नाही ही काळजी यजमानाची, पाहुण्याची नव्हे. शिक्षक म्हणजे त्या पंगतीतले वाढपी. वाढप्यानंच पंक्तिप्रपंच केला तर जेवणाऱ्यांनी तक्रार कुणाकडं करायची?

आणि आता तर एका मांडवात दोन पंगती बसतात. आठवीला सेमी-इंग्रजीची तुकडी वेगळी निघते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. त्यात वावगं काही नाही. पण हळूहळू डॉक्टर, शिक्षक, दुकानदार यांची मुलं 'अ' तुकडीत जमतात आणि शेतमजूर, वीटभट्टीवरचे कामगार, हमाल यांची 'ड' तुकडीत. 'अ'च्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा. वर्गात सर विचारतात, "हा धडा क्लासला झालाय ना?" पुढचे हात वर होतात आणि धडा पुढं सरकतो. क्लास न लावलेल्याचा धडा तिथंच राहतो. "आमच्या मुलांना तिकडच्यांत मिसळू देऊ नका" हे वाक्य मी चांगल्या, देवभोळ्या, एरवी मदतीला धावणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांना माझं सांगणं आहे, तुम्ही ज्याला "तिकडचे" म्हणता तो तुमच्या मुलाच्याच गावचा, तुमच्या मुलाच्याच वयाचा आहे.

दुसऱ्या बाजूलाही अढी आहे. "शाळेत त्यांचंच चालतं" म्हणून गरीब पालक शाळेत येणंच सोडतात. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असं म्हटलं आहे. पण बैठक मंगळवारी सकाळी अकराला. अकराला हमालाच्या पाठीवर पोतं असतं. त्यानं दिवसाचा रोज बुडवायचा का? मग जे येऊ शकतात ते ठरवतात, आणि वहीत "सर्वानुमते" असं लिहिलं जातं.

सवलती आपल्याकडं पुष्कळ झाल्या आणि त्या मोलाच्याच होत्या. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठीची, फीमाफी आली, बाराशे रुपयांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला देऊन किती घरांतली पहिली पिढी मॅट्रिक झाली. पण "ईबीसीवाले उभे राहा" ही कारकुनाची हाक आज सत्तरीतल्या माणसांच्याही कानात आहे. माफी मिळाली आणि मान खाली गेली, हे दोन्ही एकाच मिनिटात झालं. म्हणून पुन्हा सांगते, मदत करा, पण उभं करू नका.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. सातवी-आठवीच्या काही मुली ताट घेऊन रांगेत उभ्या राहत नाहीत, कारण डबेवाल्या मैत्रिणी बघतात. त्या दुपारी उपाशी राहतात. ज्या शाळेत शिक्षक स्वतः ताट घेऊन मुलांबरोबर खिचडीला बसतात, तिथं ही लाज टिकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत. तिथल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

म्हणून शिक्षकांनो, पैसे न भरलेल्यांची यादी फळ्यावर लिहू नका आणि ग्रुपवरही टाकू नका. मुख्याध्यापकांनो, पालकांची बैठक रविवारी किंवा दिवेलागणीनंतर ठेवा आणि सहलीची रक्कम हमालाला विचारून ठरवा. आणि ज्यांच्याकडं दोन पैसे जास्त आहेत त्या पालकांनो, लक्झरीचा फरक देण्याऐवजी तेच पैसे शाळेच्या कार्यालयात नेऊन द्या. कुणाच्या मुलासाठी ते विचारू नका, स्वतःचं नावही जाहीर करू देऊ नका. पावती मात्र जरूर घ्या.