रोपाचे पाणी कोण पिते?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले. आता थोडा वेळ फळझाडांच्या रोपांवर बोलायचे आहे. विषय लहान वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांनी कापसाला जोड म्हणून वावराच्या एखाद्या तुकड्यात बोर, सीताफळ, आवळा, आंबा लावून पाहिला, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच तुकड्यात पुन्हा पऱ्हाटी पेरली. "कोरडवाहूत झाड जगत नाही, पाणीच नाही" असे म्हणून आपण विषय मिटवतो. पाणी कमी आहे हे खरेच आहे. पण जे आहे ते कोण पिते, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. तो आज मांडू.

धुऱ्यावर बाभूळ असली की तिच्या लगतच्या ज्वारीच्या ओळी कशा राहतात, हे इथे कोणाला सांगायला नको. ताट खुजे राहते, कणीस भरत नाही. झाडाने पिकाचे पाणी ओढले हे आपल्याला लगेच कळते, कारण तिथे आपले दाणे बुडतात. हीच गोष्ट उलटी घडते तेव्हा मात्र लक्षात येत नाही. मोठे झाड पिकाला दाबते, तसे गवत लहान झाडाला दाबते. बाभळीपुढे ज्वारी दुबळी, कुंदा-हराळीपुढे आंब्याचे रोप दुबळे.

ही ओढाताण जमिनीखाली चालते. पिशवीतले रोप वीतभर मुळ्या घेऊन वावरात येते. पहिल्या वर्षी त्याच्या बहुतेक मुळ्या वरच्या फूट-दीड फूट थरात असतात. गवताच्या तंतुमुळांचे जाळेही नेमके त्याच थरात असते, आणि ते रोपाच्या कितीतरी पट दाट असते. पाऊस चालू असतो तोवर दोघांचे भागते. सप्टेंबर सरला, पाऊस परतला की जमिनीत जेवढी ओल साठली तेवढीच पुढच्या जूनपर्यंतची शिल्लक. तिथून खरी लढाई सुरू होते.

आता आकडा पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ओल्या जमिनीवरचे दाट हिरवे गवत ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला तीनेक मिलिमीटर पाणी सहज उडवते. रोपाच्या बुडापासून चहूकडे एक-एक मीटरचा गोल आखला तर तीन चौरस मीटरहून थोडी जास्त जागा भरते. म्हणजे त्या एका गोलातले गवत रोजचे नऊ-दहा लिटर पाणी पिते. पाच-पन्नास पानांच्या रोपाची गरज अर्ध्या लिटरच्या आसपास. आमच्या मायबहिणी आठवड्यातून एकदा डोक्यावरून हंडा नेऊन रोपाला ओततात. पंधरा लिटरचा तो हंडा गवत दीड दिवसात संपवते. मानेवर ओझे बाईच्या, आणि पोसले जाते गवत!

खताचेही तसेच. आळ्यात युरियाची मूठ टाकली की आधी गवत काळेभोर होते. त्याच्या मुळ्या जास्त, म्हणून त्याचा वाटा जास्त. वाढलेले गवत आणखी पाणी ओढते. तणात खत टाकणे म्हणजे तणाची पेरणी करण्यासारखेच आहे.

कोणी म्हणेल, आम्ही विळ्याने गवत कापतो, जनावरांना टाकतो, आळे स्वच्छ दिसते. दिसते खरे. पण मुळे जिवंत राहतात. कापलेले गवत नवे फुटवे काढते आणि पुन्हा ओल ओढू लागते. वैरण मिळाली एवढाच फायदा. रोपाला मोकळे करायचे असेल तर गवत मुळासकट निघाले पाहिजे. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काड्या वेचूनच काढाव्या लागतात.

आंतरपीक कोणते?

मोकळी जागा पडीक ठेवणे आपल्याला परवडत नाही. रोपांच्या मधल्या पट्ट्यात पीक घ्यावेच. पण शेजारी निवडताना एकच प्रश्न विचारावा: हा पाहुणा जातो कधी?

मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघतात. त्यांची भूक पावसाच्या दिवसांत भागते, आणि ओल आटायला लागते तेव्हा ते वावरात नसतात. हा चांगला शेजारी. कपाशी उलट. तिची मुळे खोल जातात आणि ती नेमकी ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारी वावरात उभी असते. वेचणीचा शेवटचा कापूस मिळतो, त्याची किंमत रोप मोजते. ज्वारीच्या बेवडाबद्दल तर आपले वाडवडील सांगत आले. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारे एक द्रव्य शेजारच्या लहान रोपांची वाढ रोखते, हे शास्त्रज्ञांनीही दाखवून दिले आहे. शिवाय धसकटे कुजताना जमिनीतले नत्र काही काळ अडकून पडते. म्हणून ज्वारी-कपाशी घ्यायचीच असेल तर रोपापासून निदान दीड-दोन मीटर लांब ठेवावी.

पाच गुंठ्यांचा हिशेब

पाच बाय पाच मीटरवर लावले तर एकरात सुमारे १६० रोपे बसतात. प्रत्येकाभोवतीचा एक मीटरचा गोल धरला तर सगळे गोल मिळून पाचच गुंठे होतात. चाळीस गुंठ्यांतले पाच गुंठे स्वच्छ ठेवले की बाग जगते. एवढे आपल्या आवाक्यातले आहे.

लावण्याआधीच्या उन्हाळ्यात खोल नांगरट करून कुंदा-हराळीच्या मुळ्या उन्हात वाळू द्याव्या. लावल्यावर गोल हाताने निंदावा. खुरपे उथळ चालवावे, रोपाची मुळे तुटू देऊ नयेत. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर असे तीन निंदण तरी हवेत. शेवटचे चुकवू नये, कारण पुढची ओल त्यानेच वाचते. त्यानंतर सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेले गवत चार-सहा बोटे जाड पसरावे. ते मातीत मिसळू नये, आणि बुडापासून वीतभर लांब ठेवावे, म्हणजे वाळवी बुडाला लागत नाही. उन्हाळ्यात सावली हवी तर पश्चिमेला पऱ्हाटीची ताटी उभी करावी. वाळलेली ताटी सावली देते, पाणी पीत नाही. तणनाशक मारायचे तर रोपाच्या हिरव्या सालीवर आणि पानांवर थेंब जाऊ देऊ नये. तणाला मारणारे औषध रोपालाही ओळखत नाही. हे सगळे दोन-तीन वर्षे. मुळे खाली उतरली की झाड आपले आपण पाहून घेते.

मग हे होत का नाही?

शेतकरी आळशी आहे म्हणून होत नाही, असे साहेब लोक म्हणतात. खरे कारण वेगळे आहे. ज्वारीला पहिले चार-सहा आठवडे आणि कपाशीला पहिले सहा-आठ आठवडे तण चालत नाही. रोपांचे निंदणही त्याच दिवसांत येते. बाया तेवढ्याच, हातात पैसा तेवढाच. अशा वेळी कोणीही आधी कपाशी निंदणार, कारण दिवाळीला पैसे तीच देणार आहे. कापसाचा भाव निंदणाची मजुरीही भरून देत नसेल तर तीन वर्षांनी फळ देणाऱ्या झाडावर मजुरी कोठून लावायची? रोप गवतामुळे मरते, आणि गवत वाढते ते आपल्या तोट्याच्या हिशेबामुळे.

सरकारचा हिशेब मात्र खड्ड्यांपासून सुरू होतो. १९९०-९१ साली रोजगार हमीतून फळबागा आल्या. पुढे राज्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली: २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. हे आकडे लावायच्या रोपांचे. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे ठरले, आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांवर बांधले. जगलेले झाड मोजणे योग्यच आहे. पण मग ज्याची रोपे गवताने खाल्ली त्याचे रोपही गेले आणि हप्ताही. म्हणून आपली मागणी साधी आहे: कापसाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव द्या, झाडे आम्ही जगवू.

आणि भाव मिळेपर्यंत आपल्या हातातले आपण करू. जेवढी रोपे घरच्या हातांनी निंदता येतील तेवढीच लावू. चारशे लावून चाळीस जगवण्यापेक्षा साठ लावून पन्नास जगवलेली बरी.

शेवटी एक काम. प्रत्येक गावातल्या एका तरी शेतकऱ्याने यंदा वीस रोपे निवडावी. दहांभोवतीचा गोल स्वच्छ ठेवावा, दहांचे गवत तसेच राहू द्यावे. पाणी दोघांना सारखे घालावे. मेअखेरीस मोजावे, आणि तो आकडा पुढच्या जिल्हा मेळाव्यात घेऊन यावे. सरकारी कागदापेक्षा आपल्या वावरातला आकडा आपल्याला जास्त कामाचा आहे.