डोहातली मरळ

मंडळी, गणपतीच्या दिवसांत मासळीचा विषय काढला म्हणून रागावू नका. आम्ही खाण्यावर बोलणार नाही.

वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली आपली प्राणहिता उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढते, जागोजागी डोह उरतात. काश्मीर-हिमाचलात इंग्रजांनी आणलेला ट्राउट पिसांच्या खोट्या माशीला फसतो. आपल्या कोमट पाण्यात तो टिकायचा नाही. मरळ टिकते. ती हवा घ्यायला वर येते, त्या वलयावरून आम्ही जागा हेरतो. गळाला बेडकी लावायची, दोरी सैल सोडायची, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मग नुसते बसून राहायचे. डोहात ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना हे बसणे जमत नाही.

तेलंगणाने हिलाच, म्हणजे कोर्रमीनूला, राज्यमासा केले आहे. पावसाळा लागला की लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो. खाली आईबाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर झडप घालतात, म्हणून तेव्हा गळाला हमखास लागतात. ते गेले की दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. घोळका दिसला की आम्ही दोरी गुंडाळतो. तुमच्या पोरांनाही तेवढे सांगा.