अंधांचे सोबती : एका सेवासंघाची हकीकत



समर्थांच्या जन्मगावी अंधांविषयी बोलायचे म्हणजे राणूबाईंचे स्मरण आधी होणारच. पुत्रवियोगाने रडून रडून त्या माउलीची दृष्टी गेली, आणि तीर्थाटन करून पुत्र जांबेस परतला तेव्हा त्याच्या हस्तस्पर्शाने ती पुन्हा आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाविकाने तीत चमत्कार पाहावा. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु त्या काळी गावोगाव ज्या दुसऱ्या माउल्या ओसरीवर अंधारात बसून होत्या, त्यांच्या पोटी समर्थ जन्मले नव्हते. त्यांनी कोणाची वाट पाहावी? आजचा विषय या प्रश्नातून निघतो.

१९१७ साली अमेरिकेत शिकागो शहरी मेल्विन जोन्स नावाचे विमा व्यवसायातले एक गृहस्थ होते. व्यापाऱ्यांची मंडळे तेथे पुष्कळ होती. पण ती बहुधा एकमेकांचा धंदा वाढवण्यासाठी. जोन्स यांच्या पुढाकाराने अशी मंडळे एकत्र आली, आणि सभासदांचा आर्थिक लाभ हा संस्थेचा हेतू असता कामा नये, असे त्यांनी ठरवले. हाच आपल्या परिचयाचा लायन्स क्लब.

मात्र सेवा करायची कोणाची, याला निश्चित दिशा मिळाली ती आठ वर्षांनी. ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील अधिवेशनात हेलन केलर बोलल्या. एकोणीस महिन्यांच्या असताना त्यांची दृष्टी आणि श्रवण ही दोन्ही गेली होती. अंधाराविरुद्धच्या मोहिमेत तुम्ही अंधांचे शिलेदार व्हा, अशा आशयाचे आवाहन त्यांनी केले, आणि सभेने ते मान्य केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंधांचे काम डोळसांना सुचले नाही. एका अंध स्त्रीने ते त्यांच्याकडून मागून घेतले.

पुढे १९३० साली पिओरिया शहरातील जॉर्ज बोनहॅम या सभासदाने एका अंधाची रस्ता ओलांडताना होणारी तारांबळ पाहिली. त्याची काळी काठी वाहनचालकांना दिसतच नव्हती. काठीला पांढरा रंग द्यावा, एवढीच साधी युक्ती त्यांनी काढली. त्याच वर्षी शहराने तसा नियमही केला. ती काठी असते अंधाच्या हाती, पण शिस्त लावते ती डोळसांना!

भारतात या संघाची पहिली शाखा १९५६ साली मुंबईत निघाली. पण त्याआधी आपल्याकडे सारे शून्य होते, असे कोणी समजू नये. मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंधांची शाळा काढली. १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली आणि १९५२ साली ‘नॅब’ ही राष्ट्रीय संस्था मुंबईतच उभी राहिली. लायन्स मंडळींनी शिबिरांची जोड दिली, आणि १९९० पासून ‘साइटफर्स्ट’ योजनेने जगभर दृष्टिरक्षणाचे काम चालवले.

आता थोडे स्पष्ट बोलतो. अंधत्व दोन प्रकारचे असते. एक टळणारे. आपल्या देशात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे येते, आणि ते शस्त्रक्रियेने जाते. जालन्याला श्रीगणपती नेत्रालय आहे. वाट फार लांबची नाही. तरी “आता वय झाले, काय करायचे डोळे?” म्हणून म्हातारीला घरीच बसवणारे आपण असू, तर तिच्या अंधारात आपलाही वाटा आहे.

दुसरे अंधत्व न जाणारे. तेथे शिबिर उपयोगी पडत नाही. शाळा, ब्रेल आणि नोकरी उपयोगी पडते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी असणाऱ्यांचा आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे. शिबिराच्या मांडवात फोटो काढून घेणे सोपे. अंध मुलाच्या बापाला शाळेपर्यंत नेणे अवघड. पण संघटना लागते ती या अवघड कामासाठीच.

म्हणून विनंती एवढीच, की उद्या आपापल्या गल्लीत कोणाची दृष्टी अधू आहे, याची विचारपूस करा. कोणाला डॉक्टरकडे न्यायचे आणि कोणाला शाळेत, हे मग आपोआप कळेल.