आणखी एकच मॅच

महाभारतातलं द्यूत सांगणाऱ्या व्यासांच्या गावात मोबाइल-गेमच्या स्पर्धांवर बोलायचं, म्हणजे आयोजकांनी गंमतच केली. पोरांना झोडपणारं भाषण ऐकायला कोणी आलं असेल तर त्याने खुशाल उठावं. हांगझोऊच्या 2023च्या आशियाई खेळांत ईस्पोर्ट्सला पदकं होती. आपल्याकडे ऑगस्ट 2025च्या कायद्याने ईस्पोर्ट्सला मान्यता दिली आणि त्याच कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. स्पर्धा वेगळी, जुगार वेगळा. घरात हा फरक आधी स्पष्ट हवा.

महाभारतात शकुनी म्हणतो, युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. आपल्या पोरांचं नेमकं हेच होतं. माझ्या भाच्याला विचारलं, "काल का हरलास?" "मामा, नेट गेलं." "परवा?" "सोबतचे आधीच मेले." महिनाभर रोज खेळून त्याला स्वतःची एक चूक सांगता येईना!

बुद्धिबळात असं निसटता येत नाही. मोठ्या वेळेच्या डावात दोघांच्याही चाली लिहाव्याच लागतात. हरलेला डाव कागदावर घरी येतो आणि प्रशिक्षकासमोर उलगडला जातो. नागपूरची दिव्या देशमुख 19व्या वर्षी, जुलै 2025मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. कित्येक वर्षांचे कष्ट त्यामागे आहेत, आणि त्यातले कितीतरी तास असे जुने डाव उलगडण्यात जातात.

मोबाइलवर हा कागद म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. बीजीएमआय हा मोबाइल-गेम 2023मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. मी तर म्हणेन, दोन तास पुरे, आणि त्यानंतर अर्धा तास स्वतःचाच खेळ पाहायचा. आईबापांना गेम कळायची गरज नाही. "इथे का थांबलास?" एवढं विचारता आलं की झालं. सांगताना पोरगं स्वतःच अडखळतं, आणि जिथे अडखळतं तिथे त्याची चूक असते.

आता अवघड भाग. पहिल्या द्यूतात गेलेलं सगळं धृतराष्ट्राने पांडवांना परत दिलं होतं. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, मागून बोलावणं आलं, आणि युधिष्ठिर पुन्हा बसला. एकाच डावात बारा वर्षं वनवास, वर एक वर्ष अज्ञातवास. रात्री अकराला "आई, आणखी एकच मॅच" ऐकू येतं ना, ते हेच. हरल्याच्या रागात खेळलेला डाव सराव नसतो. सलग दोन हरलास की फोन खाली, हा नियम घरात आजच करा. मात्र चालू मॅचमध्ये फोन हिसकावू नका, संघातले सोबतचे तिघे तोंडघशी पडतात.

केळीला पाणी द्यायला रात्रीच्या विजेची वाट पाहणाऱ्या बापांना माझी एक विनंती आहे. मोटर सुरू करायला निघण्याआधी पोराशेजारी दहा मिनिटं बसा, आणि कालची हरलेली मॅच त्याच्या तोंडून ऐका.