पत्तीतल्या काड्या आणि नातवाचा लोहचुंबक

आम्ही बदलापूरच्या एका बचत गटातल्या बायका. दोन वर्षं झाली, आम्ही चहापत्ती विकतो. उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून गोणी आणायची, चाळायची, काड्या निवडायच्या, पाव किलोचे पुडे करायचे आणि बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांमध्ये पोचवायचे.

गेल्या डिसेंबरात एक काकू पुडा घेऊन परत आल्या. त्यांच्या नातवाने लोहचुंबक पत्तीत फिरवला, तर त्याला काळी मिशी फुटलेली! आम्हाला आधी रागच आला. मग आमच्या गोणीतली पत्ती परातीत पसरून बघितली. तिथेही तेच.

ही दरवेळी भेसळच असते असं नाही बरं का. सीटीसी पत्तीच्या कारखान्यात पान दातेरी पोलादी रोलरांमधून जातं. दाते झिजतात आणि तो कीस पत्तीत उतरतो. म्हणून तिथे चुंबक बसवलेले असतात. एका किलोत 250 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कीस चालत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे.

तेव्हा गटात यंत्राचा विषय निघाला. एक विक्रेता म्हणाला, कर्ज काढा, यंत्र घ्या, सगळं साफ होईल. हे "सगळं" म्हणजे काय, ते आम्ही विचारत गेलो. हलत्या चाळण्यांचं यंत्र दाणा लहान-मोठा वेगळा करतं, तेवढंच. काडी आणि तूस काढायला वेगळे रोलर असतात. ते लोकरी नमद्यावर घासले जातात, त्यांच्यावर विजेचा भार येतो, हलके तंतू चिकटतात आणि दाणा खाली राहतो. तिसरं यंत्र कॅमेऱ्याने रंग बघतं आणि फुंकर मारून काडी उडवतं. पण लोखंड काढायला शेवटी चुंबकच लागतो!

रोलरची गंमत आम्ही घरी केली. प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप जुन्या स्वेटरवर घासला आणि पत्तीवरून फिरवला. जानेवारीत तूस भराभर चिकटलं. जुलैत तोच पाइप, तोच स्वेटर, हात दुखले तरी काही नाही. दमट हवेत भार टिकतच नाही. आमच्या तळमजल्याच्या खोलीत पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे हे यंत्र कोरडं कसं ठेवणार?

आणखी एक गोष्ट होती, ती बैठकीत बोलायला जड गेली. काड्या निवडणाऱ्या आमच्या दोघी मावश्यांना गुडघ्यांमुळे दुसरं काम जमत नाही. यंत्र आलं असतं तर पहिली मजुरी त्यांचीच गेली असती. एकीने तोंडावर विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" कुणी उत्तर दिलं नाही. हप्ता मात्र सगळ्यांच्या डोक्यावर आला असता.

कर्ज तूर्त थांबवलंय. बचतीतून दोन जोरदार चुंबक आणि बारीक जाळीच्या चाळण्या घेतल्या. ढिगावरून चुंबक फिरवून उपयोग नाही, पत्ती पातळ पसरावी लागते. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, म्हणजे पिशवी सोडवली की कीस आपोआप गळतो.

काकूंना आम्ही नवा पुडा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि आमच्यासमोरच आत हाक मारली, "तुझा तो चुंबक आण रे."